ग्रेडीची अदलाबदल

एका बाईंच्या कानामागं चष्म्याची दांडी नीट बसतेय की नाही, हे अर्विन टेश्के दोन बोटांनी चाचपून पाहत होता आणि नेमका तेव्हाच त्याच्या खिशातला फोन थरथरला. बाई ऐंशीच्या पुढच्या होत्या. त्यांच्या कानामागची कातडी ओल्या कागदासारखी मऊ होती आणि दांडी तिथं टोचते अशी त्यांची तक्रार होती. "आता?" अर्विननं विचारलं. "आता टोचत नाही," बाई म्हणाल्या, "पण टोचेल असं वाटतंय." अर्विन हसला. त्यानं दांडी पुन्हा गरम केली, केसभर वाकवली, पुन्हा बसवली. फोन पुन्हा थरथरला. मांडीला झिणझिण्या आल्यासारखं झालं आणि कारण नसताना त्याला वाटलं, की हे काहीतरी वाईट आहे. मग त्याला स्वतःचंच हसू आलं. दिवसातून वीस वेळा हा फोन थरथरतो, त्यात वाईट काय असायचंय! बाईंना दारापर्यंत सोडून तो मागच्या खोलीत गेला. तिथं काचा घासायचं यंत्र घरघरत होतं, ओल्या भुकटीचा वास येत होता. त्यानं फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरला. दुनियेला चष्मे देणारा हा माणूस स्वतःचा चष्मा नेहमी कुठंतरी विसरत असे.

"ग्रेडी पॉल्क, पहिला बेस. उजव्या मनगटात पुन्हा दुखणं. सराव थांबवला. परतण्याची तारीख अनिश्चित. लहान फँटसी लीगमध्ये याला धरून बसण्यात अर्थ नाही."

अर्विनच्या मनात पहिला विचार आला तो असा, की याही आठवड्यात माझ्या पहिल्या बेसवर कुणी नाही. दुसरा विचार आला पोराच्या हाताचा. या दोन विचारांमध्ये किती वेळ गेला असेल? एखादा श्वास. पण विचार त्याच क्रमानं आले होते, आणि आता तो क्रम काही केल्या उलटा होईना. तो यंत्राच्या कडेला हात टेकून उभा राहिला. यंत्राची थरथर हातातून खांद्यापर्यंत चढली. ग्रेडी त्याच्या बायकोचा, लोरीनचा मुलगा होता. नऊ वर्षांचा असल्यापासून तो अर्विनच्या घरात वाढला होता, आणि आता तेविसाव्या वर्षी दोन राज्यांपलीकडच्या शहरातल्या मोठ्या बेसबॉल संघात पहिल्या बेसवर उभा राहत होता. निदान एप्रिलपर्यंत राहत होता. आणि तोच ग्रेडी अर्विनच्या फँटसी संघातही, म्हणजे मित्रांच्या लीगमधल्या कागदी संघातही होता.

"अर्व!" बाहेरून मार्लिसची हाक आली. मार्लिस दुकानातला फोन घ्यायची, डोळ्यांच्या डॉक्टरांच्या वेळा द्यायची, आणि लीगमध्ये सलग तीन वर्षं पहिली आली होती. साठीची बाई, पण जिभेला म्हातारपण शिवलेलं नव्हतं. "अर्व, वाचलंस का? तुझं पोरगं पुन्हा मोडलं की रे!"

"वाचलं."

"मग तोंड कशाला लपवतोस? ये बाहेर. मी काही तुला खात नाही." ती दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात अर्धं सँडविच होतं. "ऐक. बक ओर्लँडर घे माझ्याकडून. छत्तीस वर्षांचा आहे, पळताना बैलगाडी वाटतो, पण रोज उठून मैदानात जातो. त्याच्या बदल्यात ग्रेडी मला दे."

"तुला काय करायचाय मोडका ग्रेडी?"

"पुढच्या वर्षासाठी ठेवीन. पडत्या भावात घ्यावं, हे माझ्या नवऱ्यानं शिकवलं. त्यानं स्वतः कधी केलं नाही, ती गोष्ट वेगळी." ती चावता चावता थांबली आणि आवाज जरा उतरवून म्हणाली, "लोरीनला ठाऊक आहे का?"

लोरीनला ठाऊक आहे का, हे त्यालाच ठाऊक नव्हतं. आपल्याला आधी कळलं आणि त्याच्या आईला अजून कळलेलं नाही, असं असेल तर आपण चोरासारखं काहीतरी हातात घेऊन उभे आहोत, असं त्याला वाटलं. "उद्यापर्यंत सांग," मार्लिस म्हणाली. "तुला बक नको असला तर मी शेजारच्या न्हाव्याला विचारते, त्याचाही पहिला बेस रिकामाच आहे."

ही लीग दुकानातच सुरू झाली होती. लीग चालवणारे डॉक्टर, मार्लिस, शेजारचा न्हावी, पलीकडच्या बेकरीतले दोघे भाऊ, असे दहा जण. मार्च महिन्यात जमायचं, बिअर प्यायची आणि खऱ्या खेळाडूंमधून एकेक निवडून आपापला संघ मांडायचा. ज्याला आपण निवडलं त्यानं खऱ्या मैदानावर काही केलं, की त्याचे गुण आपल्या नावावर. तो घरी बसला, की आपल्या नावावर भोपळा. अर्विनला या सगळ्यात गोडी नव्हती. लोरीनशी लग्न झालं तेव्हा त्याला बेसबॉलमधलं एवढंच कळायचं, की उन्हाळ्यात लोक ओरडतात. पण घरात आलेल्या त्या नऊ वर्षांच्या मुलाला दुसरं काही बोलताच येत नव्हतं. तो जेवताना खेळाडूंचे आकडे सांगे. आंघोळीच्या वेळी दार बंद करून सामन्याचं धावतं वर्णन करी. त्याचा खरा बाप डेल ॲरिझोनात राहायचा आणि वाढदिवसाला ग्लव्ह पाठवायचा, नेहमी एक माप मोठा. अर्विन त्या मुलाच्या समोर बसून मान हलवायचा. परक्या देशात गेलेला माणूस दुकानदारासमोर जशी मान हलवतो, तशी. मग डॉक्टरांनी लीगचं विचारलं तेव्हा तो लगेच हो म्हणाला होता. भाषा शिकायला म्हणून. ती भाषा तो शिकलाही. पण तो शिकेपर्यंत मुलगा सतरा वर्षांचा झाला होता आणि घरात कुठल्याच भाषेत बोलेनासा झाला होता.

त्याआधीची एक गोष्ट अर्विनला दुपारभर आठवत राहिली. चष्म्याच्या काचा फडक्यानं पुसता पुसता, गिऱ्हाइकाला "खाली बघा, आता वर बघा" म्हणता म्हणता, ती मधेच डोळ्यांसमोर येई. मागचं अंगण, कुंपणाला टेकलेली सायकल, आणि ग्रेडी त्या मोठ्या मापाच्या ग्लव्हमध्ये उजवा हात खुपसून उभा. "टाक ना, अर्व." अर्विन चेंडू टाकायचा. तो कधी दोन हात आधीच जमिनीवर आपटायचा, कधी डोक्यावरून जायचा, कधी टोमॅटोच्या वाफ्यात. मुलगा एकाही चेंडूला नावं ठेवत नसे. धुळीतून उसळलेला चेंडू तो वाकून, पाय ताणून, मांजरीसारखा उचलायचा. पहिल्या बेसवरच्या माणसाला हेच करावं लागतं, हे अर्विनला पुष्कळ नंतर समजलं. दुसऱ्यांनी घाईघाईत फेकलेले वाकडेतिकडे चेंडू, एक पाय बेसवर ठेवून, हरवू न देता झेलायचे. गेल्या वर्षी ग्रेडी मोठ्या संघात आला आणि त्यानं सहा आठवडे नुसता धुमाकूळ घातला, तेव्हा टीव्हीवरच्या माणसानं त्याला विचारलं, "इतके अवघड झेल घ्यायला कुठं शिकलास?" ग्रेडी म्हणाला, "घरी. आमच्याकडे कुणालाच सरळ फेकता यायचं नाही." तो माणूस खो खो हसला. दुकानात मार्लिस हसली, डॉक्टर हसले. अर्विनही हसला. ते आभार होते की टोमणा होता, हे मात्र त्याला उमगलं नाही. त्यानं ती मुलाखत पुन्हा पुन्हा पाहिली. ग्रेडीच्या चेहऱ्यावर टोपीची सावली होती. कुणालाच, असं तो म्हणाला होता. अर्वला, असं म्हणाला नव्हता.

या मार्चमध्ये निवडी झाल्या तेव्हा अर्विननं तिसऱ्याच फेरीत ग्रेडीचं नाव घेतलं. सगळे ओरडले. "घरच्या कोंबडीचं अंडं म्हणून काय सोन्याचं होय?" न्हावी म्हणाला. अर्विन लाल झाला. आपण ग्रेडीला का घेतलं, हे तेव्हा त्याला अगदी स्वच्छ ठाऊक होतं. ग्रेडीला दुसऱ्या कुणी घेतलेलं त्याला बघवणार नव्हतं. आणि महिन्याभरातच बॅटच्या मुठीचा दाब पडून पोराच्या तळहाताच्या मुळाशी असलेलं एक बारकं हाड मोडलं. ते काढून टाकलं. जूनमध्ये परत येतोय म्हणाले, मग कमरेचा स्नायू ताणला. आता पुन्हा मनगट. प्रत्येक वेळी फोन थरथरला, प्रत्येक वेळी दोन ओळी, आणि प्रत्येक वेळी शेवटी एक सल्ला: ठेवा, सोडा, वाट पाहा. अर्विनला ग्रेडी डावखुऱ्या गोलंदाजासमोर किती अडखळतो ते ठाऊक होतं, परगावच्या मैदानावर त्याची बॅट किती चालते ते ठाऊक होतं. तो संध्याकाळी एकटा जेवतो की कुणाबरोबर, हे ठाऊक नव्हतं. विचारायची सोय नव्हती असं नाही. फोनवर लोरीनचं बोलून झालं, की ती फोन त्याच्याकडे द्यायची. ग्रेडी म्हणायचा, "कसा आहेस, अर्व?" तो म्हणायचा, "मस्त. तू?" ग्रेडी म्हणायचा, "मस्त." मग दोघे थोडा वेळ श्वास घेत.

तो शुक्रवार होता. शुक्रवारी ते दोघं कोपऱ्यावरच्या बारमध्ये तळलेले मासे खायला जात. लोरीन आधीच येऊन बसली होती. शाळेला सुट्टी असल्यामुळं ती काम करायची ते शाळेतलं स्वयंपाकघरही बंद होतं आणि उन्हाळाभर ती बागेत राबून राबून तांबूस झाली होती. अर्विन समोर बसला. त्यानं राय पावाला लोणी लावलं, बटाट्याच्या धिरड्यावर सफरचंदाचा गर घेतला आणि कसं सांगावं याची मनातल्या मनात जुळवाजुळव करू लागला. ग्रेडीचं जरा, नको. एक बातमी वाचली, नको. बातमी म्हटलं की ती घाबरेल. बाजूच्या टेबलावर कुणीतरी मोठ्यानं हसलं आणि त्याला वाटलं, ते आपल्यालाच हसले.

"तू खात का नाहीयेस?" लोरीननं विचारलं.

"लोरीन, ग्रेडीचं मनगट..."

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली. तिनं लिंबू पिळलं, बोटं पुसली. "सोमवारी फोन आला होता त्याचा. रविवारी येतोय तो इकडं, थोडे दिवस."

"सोमवारी?"

"चिडू नकोस. तोच म्हणाला, अर्वला सांगू नकोस."

बारमधला आवाज एकदम दूर गेला, पाण्याखाली डोकं घातल्यासारखा. "का?" अर्विननं विचारलं. त्याचा आवाज त्यालाच फार शहाण्यासारखा, समजूतदार वाटला.

"अरे, तू त्याला तुमच्या त्या खेळात घेतलंयस ना. संघातल्या लोकांनी बजावलंय म्हणे, दुखण्याबिखण्याचं बाहेर बोलायचं नाही म्हणून. तो म्हणाला, अर्वला सांगितलं तर तो बिचारा पेचात पडेल. ठाऊक असून मला विकलं तर ती लबाडी होईल, आणि ठेवलं तर त्याचं नुकसान. त्यापेक्षा त्याला नकोच कळायला." ती त्याच्याकडे बघत राहिली. "चांगल्या मनानंच म्हणाला रे तो."

अर्विननं मान हलवली. मासा थंड होऊन त्यावरचं कवच ओलं झालं होतं. चांगल्या मनानं म्हणाला, हे खरंच असेल. पोरगं पहिल्यापासून विचारी. पण मग असंही असेल, की आईला सांगायचं ते घरात सांगणं झालं, आणि अर्वला सांगायचं ते बाहेर बोलणं झालं. दोन्ही एकदम खरं असेल का? त्यानं एक बाजू धरून पाहिली तर पोराबद्दल माया दाटून आली. दुसरी धरून पाहिली तर कुणीतरी हळूच, आवाज न करता, दार लावून घेतल्यासारखं वाटलं. आणि पेचात पडेल म्हणजे काय? माझ्यापुढं पेच पडेल असं त्याला वाटलं. म्हणजे त्याच्या मते मी त्याला विकूही शकतो. आणि तसं नसतं तर आज मागच्या खोलीत पहिला विचार तो कसा आला? पोरानं मला बरोबर ओळखलंय की काय, या विचारानं तो शरमला. आणि गंमत म्हणजे त्याला बरंही वाटलं. कुणीतरी आपल्याला इतकं नीट ओळखतं, म्हणून.

जेवण झाल्यावर लोरीन दाराशी शाळेतल्या एका मैत्रिणीशी बोलत उभी राहिली. अर्विन गाडीत जाऊन बसला. ऊन अजून चांगलं पिवळं होतं. तळ्यावरून येणाऱ्या वाऱ्याला ओल्या दगडांचा वास होता. त्यानं फोन उघडला. मार्लिसचा देकार तिथं होताच. डाव्या बाजूला ग्रेडीचा फोटो, उजव्या बाजूला बक ओर्लँडरचा, जाड मानेचा, कंटाळलेला. खाली हिरवी पट्टी: मान्य. ग्रेडीच्या फोटोत तो हसत होता, पण ते हसू फोटोवाल्यासाठी होतं. अर्विनच्या मनात आलं, हे दाबणं म्हणजे पोराला टाकणं. मग आलं, छे, हा निव्वळ पोरखेळ आहे, कागदावरच्या बाहुल्या आहेत. मग आलं, पोरखेळ आहे तर मग घाम का आलाय? आपण रागानं दाबतोय, की शहाणपणानं, की त्याला माझ्या या आकड्यांच्या फळीवरून एकदाचा खाली उतरवावा म्हणून? तो उत्तराची वाट बघत बसला. अंगठा मात्र खाली गेला. पडदा चमकला आणि ग्रेडी जिथं होता तिथं बक ओर्लँडर आला. अर्विननं लगेच परत जाऊन पाहिलं, उलटं करता येतं का. येत नव्हतं. लोरीन गाडीत बसली आणि त्याचा हात धरून म्हणाली, "अरे, किती गार पडलायस तू."

दुसऱ्या दिवशी दुकानात मार्लिसनं त्याच्यापुढं कॉफी ठेवली. "मला वाटलं नव्हतं तू देशील," ती म्हणाली. तिच्या आवाजात जिंकल्याचा तोरा नव्हता. "तुला परत पाहिजे असला तर आत्ता सांग. डॉक्टरांना सांगून रद्द करू."

"नको."

"नक्की?"

"नक्की काही नाही, मार्लिस. पण नको."

"बरं. मी कुणाला देणार नाही त्याला," ती म्हणाली, आणि फोन वाजला म्हणून वळली.

रविवारी लोरीन विमानतळावरून ग्रेडीला घेऊन आली. उंच, रुंद खांद्यांचा तो मुलगा दारातून वाकून आत आला तेव्हा घर एकदम लहान झालं. त्याच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत काळा पट्टा होता. त्यानं डाव्या हातानं अर्विनची पाठ थोपटली. "कसा आहेस, अर्व?" "मस्त. तू?" "मस्त." लोरीननं त्याला मांस कापून द्यायला सुरी उचलली, तर तो म्हणाला, "आई, मी पाच वर्षांचा नाहीये," आणि डाव्या हातानं मोठा तुकडा तसाच उचलून खाल्ला. जेवताना लोरीनच बोलत होती. सगळं नीट होईल, शरीर तरुण आहे, देव बघतोय, शेजारच्या मुलीचं मनगट तर दोनदा मोडलं होतं आणि ती आता व्हायोलिन वाजवते. ग्रेडी हो हो म्हणत होता. तो अर्विनच्या तोंडाकडे एकदाही बघत नव्हता, आणि त्यानं बघू नये अशीच अर्विनची इच्छा होती.

जेवणानंतर लोरीन भांड्यांना लागली. ग्रेडी मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसला. अर्विन जाळीच्या दारामागं थोडा वेळ उभा राहिला. पोराची मान मागून पाहिली की तो अजूनही लहानच वाटायचा. मानेवरचे केस तसेच, एका बाजूला वळलेले. मग तो बाहेर गेला आणि एक पायरी सोडून खाली बसला. शेजारी कुणीतरी गवत कापत होतं. मग ते यंत्र बंद झालं.

"मी तुला देऊन टाकलं," अर्विन म्हणाला. "परवा. लीगमध्ये."

ग्रेडी वळला. "काय?"

"देऊन टाकलं. मार्लिसला. बातमी आल्यावर दिलं, आधी मला ठाऊक नव्हतं. म्हणजे लबाडी नव्हे ती." हे वाक्य त्यानं दोन दिवस घोटून ठेवलं होतं. आता तोंडातून निघाल्यावर ते फारच फालतू वाटलं.

"कुणाच्या बदल्यात?"

"बक ओर्लँडर."

"बक!" ग्रेडीच्या तोंडून शब्द फुटला आणि पाठोपाठ हसू. "अरे, त्याला पळताना बघितलंयस का? आमच्याकडे म्हणतात, बक पहिल्या बेसवर निघाला की जाऊन जेवून यावं." तो हसतच राहिला. खांदे हलत होते. अर्विनलाही हसायला आलं. ते हसणं कुठल्या जातीचं आहे ते त्याला कळेना, पण थांबवताही येईना. मग ग्रेडी थांबला. त्यानं डाव्या हाताच्या पंजानं तोंड पुसलं. "म्हणजे आता मी तुझ्याकडे नाही."

"नाही."

"बरं झालं," ग्रेडी म्हणाला. "म्हणजे आता तुला सांगता येईल."

अर्विननं त्याच्याकडे पाहिलं. ग्रेडी कुंपणाकडे बघत होता. "सकाळी उठलो की ही दोन बोटं झोपलेली असतात," तो म्हणाला. "बॅट धरली तर करंगळी कुठं आहे तेच कळत नाही. हे मी पेपरवाल्यांना सांगितलं नाही, आईलाही नाही. दुखतंय एवढंच सांगितलं. एक डॉक्टर म्हणतात पुन्हा उघडून बघू. दुसरे म्हणतात थांबू. पण ते नाही, अर्व. दुसरंच काहीतरी आहे." तो थांबला. "त्या दिवशी सरावात मनगटात कळ आली ना, तेव्हा मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. हॉटेलवर गेलो आणि लहान मुलासारखा झोपलो. कित्येक महिन्यांनी. मला परत जायचंय की नाही तेच कळत नाही आता. लहान असल्यापासून दुसरं काही केलंच नाही मी. मग हे बरं कसं काय वाटतं?"

चौदा वर्षं अर्विन याचीच वाट बघत होता. हे पोर कधीतरी शेजारी बसेल आणि बोलेल, याची. आता ते बोलत होतं आणि त्यातला शब्दन् शब्द वाईट होता. त्याच्या छातीत काहीतरी भरून आलं. तो आनंद आहे हे ध्यानात आल्यावर त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली तरी आनंद जाईना. एखादं शहाणं वाक्य असायला हवं होतं. लोरीनकडे असतं, डॉक्टरांकडे असतं, ॲरिझोनातल्या डेलकडे तर दहा असती. अर्विननं शोधून पाहिलं. आत नुसता गोंधळ होता, एकावर एक, कुठला कुणाचा ते कळू नये असा.

"तू काय केलं असतंस?" ग्रेडीनं विचारलं.

"मला माहीत नाही," अर्विन म्हणाला.

ग्रेडीनं हळूच श्वास सोडला. "बरं झालं," तो म्हणाला. "बाकी सगळ्यांना माहीत आहे." आणि पट्टा बांधलेला हात मांडीवर नीट ठेवून तो पुढं बोलू लागला. आतून लोरीननं विचारलं, कॉफी ठेवू का. ग्रेडी बोलतच होता.